दोन दुलया

लेकीने हौसेने बुक केलेली हॉटेलची खोली मावशींना उघडीबोडकी वाटली. पांढऱ्या भिंती, फिक्या लाकडाचा पलंग, एक दिवा. "एवढे पैसे घेऊन खोली रिकामीच ठेवलीय मेल्यांनी!" पलंगावर मात्र दोन दुलया होत्या.

"आमच्याकडे ज्याची त्याला वेगळी, मावशी," खोली आवरणारी मुलगी म्हणाली. "म्हणजे ओढाओढ नको."

मावशींना हसू आलं. जन्मभर यजमानांनी झोपेत त्यांचं पांघरूण ओढून न्यावं आणि सकाळी मावशींनी ऐकवावं, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही!" यजमान जाऊन वर्ष झालं होतं. झोपताना मावशींनी दुसरी दुलई रिकाम्या बाजूला सरकवली. "घ्या, ही तुमची. आता तरी सुखाने झोपू द्या."

पहाटे त्या गारठून जाग्या झाल्या. अंगावर काहीच नव्हतं. त्यांची दुलई पार पलीकडे ओढली गेली होती. तिथल्या दुलईची घडीसुद्धा मोडली नव्हती.

सकाळी ती मुलगी आली. "ही उलगडलीच नाही वाटतं. घेऊन जाऊ?"

"जा घेऊन," मावशी म्हणाल्या. "आम्हाला दोघांत एकच लागते."