खताचं पाकीट

पाकिटांवर लेबलं चिकटवणाऱ्या बाईंनी करपलेल्या रोपाची कुंडी थेट मालकांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, आपलं खत भेसळीचं आहे. छाती धडधडते म्हणून लेक दवाखान्यात आहे. तिच्या रोपाची आबाळ नको, म्हणून परवा पहिल्यांदाच मी चिमूटभर घातलं, तर हे असं झालं."

मालकांना हसू आवरेना. "अहो बाई, हे झाडाला कुणी घालतं का? नशेसाठी नाकाने ओढतात लोक! तुम्ही रोज चिकटवता ना, 'झाडांसाठी. माणसांनी सेवन करू नये', त्या लेबलामुळे तर कायदा आपल्या केसालाही धक्का लावू शकत नाही. आणि या पावडरीवर अजून बंदीही आलेली नाही."

बाईंनी कुंडी उचलून जवळ घेतली.

"बसा, पाणी घ्या. एवढं काय? दुसरं रोप आणून देतो तुम्हाला."

"चार महिने दर शनिवारी मी लेकीला एक पाकीट नेऊन देतेय, साहेब," बाई म्हणाल्या. "तिच्या हातून रोप एकदाही करपलं नाही."