दहाव्याचं पान

खोकला गेला आणि नलूताईंना स्वतःच्याच हातची दुधीची भाजी उलटून पडली.

"छातीतला विषाणू पोटात उतरला की असंच होतं, काकू," डॉक्टर तांडेल म्हणाले. "ज्याच्याकडून आला, त्याच्या आवडीनिवडी बरोबर घेऊन येतो. बाहेर ते बँक मॅनेजर बसलेत ना, त्यांना नातवाकडून आला. आठवडाभर नाचणीच्या खिरीसाठी रडतायत. तुम्हाला कोणाकडून?"

"ह्यांच्याकडून," नलूताई म्हणाल्या. ह्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली असती, तर संध्याकाळपर्यंत पोट पुन्हा त्यांचं झालं असतं. पण उद्या दहावा होता. कावळा शिवायला हवा होता, ह्यांची इच्छा अडकून राहायला नको होती. पानावर त्या दुधीच वाढणार होत्या, आणि ह्यांचं पोट तर तीच परत पाठवत होतं. चाळीस वर्षं हे तीच भाजी बोटं चाटून खात आले होते.

घरी त्यांनी पुन्हा एक घास घेतला आणि पुन्हा मोरी गाठली.

"अहो, एकदा तरी बोलायचंत!"

पोट ओशाळल्यासारखं गुरगुरलं. मग वरण, पिठलं, अळू, सगळंच उलटलं. शेवटी शेजारच्या पर्वतेबाईंनी डब्यातून पाठवलेली दुधी चाखली, तर पोट एकदम शांत.

"तिच्या भाजीत मीठसुद्धा नसतं हो," नलूताई म्हणाल्या आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

सकाळी घाटावर त्यांनी पर्वतेबाईंचीच भाजी वाढली. कावळ्याने पहिली चोच मारली, आणि उपाशी उभ्या असलेल्या नलूताईंना भरल्या पोटाचा ढेकर आला.