आराखड्यातला भगत

वल्लरीनं फळ्यावर शेवटची चौकट काढली, तिच्यात 'रखमाजी भगत' असं लिहिलं आणि सगळा हॉल हसला.

लोणावळ्यात सरकारी डॉक्टरांचं प्रशिक्षण चाललं होतं. उष्ण प्रदेशातले आजार गावोगावी आटोक्यात कसे आणायचे, त्याचं नियोजन कसं करायचं, हा विषय. हिवताप झाला, डेंगी झाला, आता सर्पदंशाची पाळी होती. साप चावल्यापासून विषावरची लस मिळेपर्यंत माणूस कुणाकुणाच्या हातून जातो, ते प्रत्येकानं आपापल्या भागापुरतं मांडायचं होतं. बाकीच्यांच्या आराखड्यात आशाताई होत्या, रुग्णवाहिका होती, लस ठेवायचा फ्रीज होता. भगत फक्त वल्लरीच्या आराखड्यात होता.

तळेगावच्या दवाखान्यातला डॉक्टर धवल सगळ्यांत मोठ्यानं हसला. भगताला ॲप्रन द्यायचा की नाही, असंही त्यानं विचारून घेतलं.

वल्लरी मागे हटली नाही. बेडशाच्या आसपासच्या वाड्यांत साप चावला की लोक मंत्रानं विष उतरवायला आधी रखमाजीकडेच नेतात, ती म्हणाली. आपण चौकट पुसली म्हणून ते न्यायचे थांबणार नाहीत. शिकवणाऱ्या माधवराव सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की हे त्या रखमाजीला माहीत आहे का. नव्हतं. मग उद्या रविवार आहे, विचारून या, सर म्हणाले.

रविवारी वाटेत तिच्या डोळ्यांपुढे जटा वाढवलेला, भंडाऱ्यानं माखलेला कुणीतरी होता. भेटला तो बियाण्याच्या जाहिरातीचा टी-शर्ट घातलेला सत्तरीचा शेतकरी. भातातलं तण काढायची बेणणी आटपून ओट्यावर बसला होता. त्यानं तिला कोरा चहा दिला आणि ऐकत राहिला. मंत्र खोटा आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. दोरी आवळू नका, जखम चिरू नका, चावलेला हातपाय हलू देऊ नका आणि लगेच फोन करा, एवढंच तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं.

रखमाजी म्हणाला, की लोक त्याच्या दारात विश्वासानं येतात. आलेल्या माणसाला दुसरीकडं पाठवलं, तर उद्यापासून त्याच्या ओट्यावर कुत्रंही चढणार नाही. तरी त्यानं तिचा नंबर मागून घेतला आणि निघताना पिशवीभर काकड्या दिल्या.

सोमवारी काकड्या सगळ्यांना आवडल्या. आराखडा मात्र अडला. रखमाजी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, वल्लरीनं सांगितलं. अशा उत्तरावर कुणाचा जीव टांगता येत नाही, असं सरांचं म्हणणं पडलं, आणि ते तिला पटलं. तिनं स्वतःच डस्टर उचलून चौकट पुसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"बाई, मी रखमाजी. वाडीतल्या सखारामच्या बायकूला, कस्तुराला पायाला नाग चावलाय. बांधलं न्हाई, चिरलं न्हाई. मंत्र म्हणतोय, पर तिच्या पापण्या मिटाय लागल्यात. कुटं आणू?"

वल्लरीनं फोन स्पीकरवर टाकला आणि मिळेल त्या गाडीनं कामशेतच्या फाट्यावर यायला त्याला सांगितलं. पुढचं हॉलमध्ये कुणाला सांगावं लागलं नाही. सरांनी ऑक्सिजनवाली रुग्णवाहिका त्याच फाट्यावर बोलावली. धवल दारात उभा राहून तळेगावच्या वॉर्डात लस काढून ठेवायला सांगत होता. वाडीत मिळालेल्या दुधाच्या टेम्पोचा हॉर्न फोनमधून येत होता आणि त्याच्याखाली रखमाजीचं एकसुरी पुटपुटणं. मधेच ते थांबलं. गाडीत मंत्र म्हटला तर चालेल का, त्यानं विचारलं.

"म्हणत राहा आबा," वल्लरी म्हणाली. "तिला धीर येतोय. फक्त पाय हलू देऊ नका."

कामशेत येईपर्यंत सगळा हॉल तो मंत्र ऐकत उभा होता. कुणी हसलं नाही.

कस्तुराबाई तळेगावला पोचली तेव्हा तिचा श्वास जेमतेम चालला होता. लस दिली, घशात नळी घातली, श्वासाचं मशीन लावलं. धवल प्रशिक्षण सोडून तिच्या उशाशी बसला. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि नळी काढल्यावर घरच्या म्हशीची चौकशी केली.

वल्लरी भेटायला गेली तर दवाखान्याच्या आवारात अर्धी वाडी जमलेली. सखाराम रखमाजीच्या पायावर डोकं ठेवत होता. बाया आपापली पोरं त्याच्यापुढं आणत होत्या. चोवीस तास न झोपलेला धवल व्हरांड्यातून हे बघत होता. मेहनत आपली आणि पुण्य भगताचं, तो पुटपुटला, पण चिडून नव्हे.

वल्लरीला मात्र धसका बसला. पुण्य कुणाला मिळतं याचं तिला काही नव्हतं. पण आता रखमाजीच्या ओट्यावर रांग लागणार होती. पुढच्याला साप चावला की लोक दवाखान्याचं नावही न काढता त्याच्याच दारात बसून राहणार, आणि दर वेळी हा फोन करीलच असं कुणी सांगावं? माणसाला वाचवता वाचवता आपण भगतच मोठा करून ठेवला, असं तिला वाटलं.

तिनं त्याला बाजूला घेतलं आणि सरळ विचारलं, की लोकांना त्यानं काय सांगितलं.

"मंत्रानंच वाचली म्हणून सांगितलं," रखमाजी म्हणाला. "पर माझा देव आता ओट्यावर येत न्हाई, हितं दवाखान्यात उतरतो. कुणाला चावलं तर माझ्या दाराशी थांबू नका, आदी हितं न्या, मी मागनं येतो."