पेणचा दात, रोह्याची साखर

गणपतीचा एक डोळा झाला, दुसरा बाकी होता, आणि हरेशने ब्रश पाण्यात ठेवून दिला.

समोर पाट घेऊन उभ्या असलेल्या वैशालीबाई गोंधळल्या. पेणमधल्या दातांच्या डॉक्टर त्या. नव्या घरातला पहिलाच गणपती, म्हणून डोळ्यांची आखणी आपल्यासमोर व्हावी असा त्यांचा हट्ट होता. मागे नारळ आणि विडा घेऊन त्यांचे यजमान उभे होते. हरेश त्यांनाही चांगला ओळखत होता; रोजच्या गर्दीतला त्याचा चेहरा त्या दोघांना मात्र आठवलेला दिसत नव्हता. रोह्याचे साखरेचे डॉक्टर, जितेश. फक्त हे दोघं नवराबायको आहेत, हे त्याला आत्ता, ते एकाच गाडीतून उतरले तेव्हा कळलं. एक पाटी पेणला, दुसरी रोह्याला, दोन्हींवर आडनावं वेगळी. मधल्या गडब गावातल्या माणसाला कसं कळावं?

"काय झालं हो?" वैशालीबाईंनी विचारलं.

"काय नाय, मॅडम. हात भरून आला." हरेशने डोक्याचा रुमाल कानांपर्यंत ओढला. "जरा थांबतो. तवर एक विचारू? तुमी दोघंबी डॉक्टर म्हणून."

मूर्तींच्या या कारखान्याचे मालक महिपतीशेठ पलीकडे एका मुकुटाला सोनेरी रंग लावत होते. त्यांचा हात थांबला. "हरेश, जाऊ दे रे. सणाचे दिवस हायत," ते हळूच म्हणाले. हरेशने ते कानाआड केलं.

"माझी आय, गोदूबाई," तो म्हणाला. "साखर खूप वाढलेली. नि दाढेखाली पू."

अख्खा उन्हाळा त्याने त्या एका दाढेपायी एसटीत घालवला होता. आईला घेऊन नागोठण्यावरून रोह्याला गेलं की हे डॉक्टर म्हणायचे, दाढेखाली पू आहे तोवर साखर उतरायची नाही, आधी दाढ काढा. उलट फिरून पेणला आलं की या बाई म्हणायच्या, एवढ्या साखरेत दाढ काढली तर जखम भरायची नाही, आधी साखर उतरवा. आणि दोघांचंही शेवटचं वाक्य एकच: "तसं सांगा त्यांना." सांगायचं हरेशने. एकदा त्याने रोह्याला धीर करून म्हटलं होतं, "पेणच्या डॉक्टरांना फोन लावून देऊ? तुमीच बोला." डॉक्टरांनी दाराबाहेरच्या गर्दीकडे बोट दाखवलं. पेणचे डॉक्टर म्हणजे कोण, हे त्यांनी विचारलं नाही. रोह्याचे कोण, हे बाईंनीही विचारलं नाही.

बरं, माणसं वाईट म्हणावीत तर तसंही नव्हतं. गोदूबाईकडून फी दोघांनीही कधी घेतली नाही. वर औषधांच्या पुड्या हातावर ठेवल्या. भांडायचं तरी कुणाशी? गोदूबाईचा गाल सुजून टम्म झाला, तोंड उघडेना, भाताची पेजसुद्धा चमच्याने कडेकडेनं सोडावी लागे. तरी बाईची जीभ शाबूत होती. स्टँडवर बसल्या बसल्या म्हणायची, "माजा दात पेणचा, साखर रोह्याची. मधी गडबला मी एकटीच." हरेशला हसू यायचं.

"आमच्याकडं असंच इकडून तिकडं फिरवतात, मॅडम," हरेश आता म्हणाला. "काय करावं अशा वेळी?"

वैशालीबाई नवऱ्याकडे वळल्या. "खरं आहे हे. एवढी साखर असली की मी परतच पाठवते. तू काय करतोस अशा पेशंटचं?"

"मी दातांच्या डॉक्टरकडे पाठवतो," जितेश म्हणाले, आणि ओशाळं हसले. मग नारळ काखेत धरून विचार करू लागले. "दाखल करून घ्यायचं. मी इन्सुलिन लावतो, साखरेवर नजर ठेवतो."

"मग पू मी लगेच काढते. दाढ मागाहून, साखर जरा खाली आली की."

"जमेल की. न जमायला काय झालं?"

पलीकडच्या मुकुटावरचा रंगही वाळला नव्हता, एवढ्यात निकाल लागला.

"आजच घेऊन या आईंना," वैशालीबाई मनापासून म्हणाल्या. "सण असला म्हणून काय झालं, आम्ही दोघंही घरीच आहोत. उशीर नका करू हं. असला पू गळ्यात उतरला तर माणूस हाती लागत नाही."

हरेशने मान डोलावली. ब्रश उचलला, काळ्या रंगात टेकवला, श्वास रोखला आणि दुसरा डोळा आखला. हात जराही हलला नाही. मूर्ती पाटावर ठेवून, तिचं तोंड वस्त्राने झाकून, त्याने पाट वैशालीबाईंच्या दोन्ही हातांवर दिला. "सांभाळून, मॅडम. आता घरी जाईस्तोवर खाली ठेवायची नाय."

मग त्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यानेच तोंड पुसलं. मुंडण केलेल्या डोक्यावर नुकतेच केसांचे खुंट फुटले होते. वैशालीबाई बघतच राहिल्या.

"आय श्रावण लागला तवाच गेली, मॅडम," हरेश म्हणाला. "तुमाला दोघांना बोलायला किती वेळ लागतो, तेवढंच बघायचं होतं."