उद्याची चाल

येरेवानमधल्या अंगणात, तुतीखाली बुद्धिबळाचा पट मांडून बाबा शेजारच्या गेघामकाकांना शिकवत होते, “बेत सुचेना, की सगळ्यात निकामी मोहरा शोध नि त्याला कामाला लाव.” कॉफी घेऊन आलेल्या शुशानला त्यांनी कोपऱ्यातला घोडा दाखवला. “हा अगदी तुझ्यासारखा. चाळिशी आली तुझी, तरी घरातून हलायचं नाव नाही.” काका हसले, ती कप ठेवून आत गेली. डाव अर्धाच ठेवून जेवायला उठताना बाबांनी नेहमीप्रमाणे आपली उद्याची चाल लिहून पाकिटात बंद केली नि ते काकांकडे दिलं. पहाटे बाबा वारले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला कबरीपाशी काकांनी तिला ते पाकीट दिलं. चाल त्याच घोड्याची होती, कोपऱ्यातून बाहेर. “कुणाला अडकून राहू द्यायचा नाही तुझा बाप,” काका म्हणाले. शुशानच्या विसाव्या वर्षी पॅरिसहून आलेलं शिष्यवृत्तीचं पाकीट बाबांनी चुलीत घातलं होतं. तिनं कागद चुरगाळला. “कोपऱ्यात मला तुम्हीच ठेवलंत, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली.