दहापैकी चार

"दहापैकी चार," कोलम टूई म्हणाला आणि बॉयलरचं झाकण काढून त्यानं फरशीवर ठेवलं. "का, ते सांगा."

फिन्टन गार्वी स्वतःच्याच स्वयंपाकघरात ओव्हरकोट, मफलर आणि टोपी घालून बसला होता. "आधी बॉयलर बघ. मग बोलू."

"आधी चार."

घर तापवणारा बॉयलर बुधवारी बंद पडला आणि पेपरही बुधवारीच निघाला, हे गार्वीचं नशीब. किलब्रॅकमध्ये प्लंबर एकच, आणि रविवारी गावाच्या गेलिक फुटबॉल संघात पुढच्या फळीत खेळणाराही तोच. इथं खेळायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. ज्याला बुधवारच्या पेपरात झोडपायचं, त्याच्याच हातापाया पडून गुरुवारी नळ दुरुस्त करून घ्यायचा, ही गार्वीची तीस वर्षांची पत्रकारिता. पण या वेळी कोलमनं दोन दिवस फोनच उचलला नव्हता. आज शुक्रवारी आला, तोही भांडायला.

त्याचं भांडणही खरं होतं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघाच्या निवड चाचणीला कुणाला बोलवायचं, हे लॅव्हिन मास्तर ठरवायचे. मास्तरांचे गुडघे गेलेले. हिवाळ्यात ते मैदानावर येत नसत, शेकोटीजवळ बसून पेपर वाचत. गार्वीच्या बातमीत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या खेळाचा दहापैकी आकडा असे. कोलम एकतीस वर्षांचा होता. नऊ वर्षांचा असल्यापासून त्याला काउंटीचा शर्ट हवा होता, आणि आता नाही तर कधीच नाही, हे त्यालाही कळत होतं.

"पाच पॉइंट मारले मी," तो म्हणाला. "बोट मोडलेलं असताना. आमच्या गोलकीपरनं तीन गोल खाल्ले, त्याला सहा. तुम्ही मॅच बघत होता की झोपला होता?"

गार्वीनं टोपी कानांवर ओढली. "मी तिथं नव्हतोच."

कोलमच्या हातातला पाना तसाच राहिला.

"एकाच वेळी दोन मॅच होत्या, आणि मी एकटा. मी दुसरीकडे होतो. तुमच्याकडच्या एका माणसाला फोन केला. गोल, पॉइंट, आकडे, सगळं त्यानं सांगितलं, मी लिहून घेतलं. नेहमीचंच आहे."

"कोण माणूस?"

"ते नाही सांगत."

"फिन्टन, बाहेर बर्फ पडेल आज."

"पडू दे. थंडीनं मरेन, पण नाव फोडणार नाही. आणि तुझा आकडा मी वाढवून छापलाय, कमी नाही केला. यापुढे एक शब्द विचारू नकोस."

कोलमला राग आला आणि हसूही आलं. निळ्या पडलेल्या नाकाचा हा म्हातारा खरंच मेला असता, पण बोलला नसता. निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण बिघडलेलं यंत्र उघडून तसंच टाकायची त्याला सवय नव्हती. चरफडत त्यानं दोन्ही हात बॉयलरमध्ये घातले. गावातला एकेक चेहरा डोळ्यांपुढे येत होता. पबचा मालक. टपालवाला. फादर डोलन तर नसतील?

तेवढ्यात खिडकीत ठेवलेला त्याचा फोन वाजला. आईचा होता. हात काळे झालेले, म्हणून त्यानं कोपरानंच स्पीकर लावला.

"कुठं आहेस?" नुआला टूईनं विचारलं.

"गार्वीकडे. बॉयलर."

"अजिबात दुरुस्त करू नकोस. गारठू दे त्याला. माझ्या पोराला चार म्हणे. चर्चमध्ये मासला येऊ दे, बघतेच." बुधवारपासून ती रोज नाश्त्याला गार्वीच्या नावानं बोटं मोडत होती.

"आई, तो म्हणतो, कुणीतरी त्याला फोनवर एक की दोनच सांगितले होते." हे कोलमनं नुसतं तिला चिडवायला पदरचं घातलं. "यानं उपकार म्हणून चार केले."

"एक की दोन? खोटारडा मेला. चांगले तीन सांगितले होते मी."

गार्वीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कोलम," नुआलाचा आवाज एकदम खाली आला, "हा फोन स्पीकरवर आहे का?"

"हो, आई."

"गार्वी आहे तिथं?"

"आहे, नुआला," गार्वी म्हणाला. "मी काही बोललो नाही."

"बावीस वर्षं क्लबची सेक्रेटरी आहे मी," नुआला म्हणाली. "दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतं, पोराचं घोडं पुढे दामटते. आठ खेळलास तू, राजा. सेक्रेटरीचा पोरगा म्हणून पाच कापले." आणि तिनं फोन ठेवला.

कोलम फरशीवरच बसला. त्याला फार वाईट वाटलं. आईचा राग येत नव्हता, म्हणून जास्तच. "संपलं," तो म्हणाला. "मास्तर चार वाचून पान उलटणार."

"उलटलं नाही," गार्वी म्हणाला. "काल मास्तरांचा फोन आला होता. पाच पॉइंट आणि चार, हे कसं काय, म्हणाले. आकडे दिले कुणी, असंही विचारलं."

"आणि तुम्ही नाव सांगितलं?"

"छे. नाव कसं सांगेन? एवढंच म्हणालो, की पोराला त्याच्या आईनं तीन दिलेत."

कोलमनं बसल्या जागेवरूनच शेवटचा नट आवळला. बॉयलर गुरगुरला आणि पेटला. गार्वीनं मफलर सोडायला घेतला.

"मास्तर हसले. म्हणाले, माझी आई सेक्रेटरी होती, मला कधी दोनच्या वर दिले नाहीत तिनं. पोराला म्हणावं, रविवारी चाचणीला बूट घेऊन ये."