उठायचं नाही

“बाबा, जज्ज आले तरी तुम्ही उठायचं नाही. वकिलांनी बजावलंय,” सुनेत्रानं पुन्हा एकदा सांगितलं.

“जज्जांसमोर बसून राहू? शोभतं का?” राजाराम व्हीलचेअरमधून पुटपुटले. त्यांना तिथंच साक्षीदारांच्या बाजूला सोडून ती आपल्या वकिलाशेजारी जाऊन बसली.

डेट्रॉइटच्या त्या कोर्टात आज तिच्या अपिलाची सुनावणी होती. तिचा व्हिसा केव्हाच संपला होता. वडील इथले नागरिक, उजवी बाजू अर्धांगानं गेलेली, माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, म्हणून मला राहू द्या, एवढंच तिचं म्हणणं. अपील फेटाळलं तर तिची रवानगी विमानात आणि बाबांची नर्सिंग होममध्ये. झटक्यानं त्यांचं इंग्रजी पार पुसलं होतं; मराठी तेवढं शाबूत. म्हणून कोर्टानं त्यांच्या शेजारी दुभाषी प्रतिमाताईंना बसवलं होतं. साक्षीदाराचा शब्दन् शब्द इंग्रजीत सांगायची शपथ त्यांनी घेतली होती.

जज्ज आले. सगळे उठले. आणि म्हातारा हट्टी तो हट्टीच. खुर्चीच्या दांडीवर डावा पंजा रोवून राजारामही उठले. रोज सकाळी सुनेत्रानंच घोटून घेतलेलं उठणं ते.

“मिस्टर साठे तर छान उभे राहतात,” सरकारी वकील राजारामांकडे बघत म्हणाला.

सगळे बसले. राजाराम तसेच उभे. जज्जांनी हातानं बसायची खूण केली. त्यांनी अदबीनं हसून मान डोलावली आणि उभेच राहिले. उठणं त्यांना जमायचं, बसणं नाही. सुनेत्राचा हात गुडघ्यामागं आल्याशिवाय तो पाय वाकतच नसे. आता तो थरथरू लागला होता.

ती उठू लागली तशी तिच्या वकिलानं तिचं मनगट धरलं. “थांब. दिसू दे त्यांना.”

त्याचं बरोबरच होतं, आणि त्याचाच तिला संताप आला. हात हिसकून ती धावली. एक तळवा बाबांच्या पाठीला लावला, दुसरा गुडघ्यामागं. खाली टेकता टेकता बाबा तिच्याशी काहीतरी बोलले.

“काय म्हणाले ते?” जज्जांनी विचारलं.

शपथेला जागून प्रतिमाताईंनी इंग्रजीत सांगितलं, “ते म्हणाले, हळू बसव. मला बसता येत नाही हे या लोकांना कळता कामा नये.”